घमेल्यातली विवरं आणि हरवलेला दगड

सहावीच्या वर्गासमोर घमेल्यात वाळू भरली, वरून गोटी सोडली, खड्डा दाखवला आणि म्हटलं, "बघा, चंद्रावरची विवरं अशीच झाली." पहिल्या बाकावरची एक मुलगी घमेल्यावर वाकून म्हणाली, "बाई, गोटी तर खड्ड्यातच आहे. मग चंद्रावरचे दगड कुठे गेले?" मी "फुटून गेले असतील" असं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं, की त्या पोरीने जो प्रश्न विचारला होता त्यावर मोठमोठ्या माणसांची पन्नासेक वर्षं गेली होती.

त्यानंतर हा प्रयोग मी कितीतरी वेळा केला, पण करण्याची रीत बदलली. आता आधी घमेल्याकडून जे शिकता येतं ते शिकून घेते, मग घमेलं कुठे खोटं बोलतं ते सांगते आणि शेवटी दुर्बीण काढून खऱ्या विवरांकडे वळते. तुम्हालाही याच क्रमाने जा असं सुचवेन.

घमेलं भरताना

वाळू बारीक, चाळलेली आणि पूर्ण कोरडी हवी. ओलसर वाळूत खड्ड्याच्या भिंती उभ्या राहतात आणि सगळी मोजमापं बिघडतात. दोन दिवस उन्हात पसरून ठेवा. घमेलं रुंद घ्या आणि वाळूचा थर निदान चार बोटं ठेवा. थर पातळ असला तर गोळी तळाशी आपटते आणि मग तुम्ही वाळूचा नव्हे, पत्र्याचा प्रयोग करत असता.

वाळूवर खडूच्या भुकटीचा पातळ पांढरा थर चाळणीने भुरभुरवा. त्यावर एखाद्या गडद कोरड्या रंगाचा आणखी पातळ थर द्या. आतलं काय बाहेर आलं आणि कुठे पडलं, हे या थरांमुळे दिसतं. गोटीपेक्षा बेअरिंगची पोलादी गोळी चांगली, कारण ती लोहचुंबकाने अलगद उचलता येते. बोटांनी काढायला गेलात तर खड्डा मोडलाच म्हणून समजा. साधारण १२ मिलिमीटरची गोळी घ्या. आणखी एक लहान आणि एक मोठी जवळ ठेवा.

गोळी फेकायची नाही, सोडायची. मुलं हमखास फेकतात, आणि मग वेग किती होता ते कुणालाच सांगता येत नाही. उंची मोजायला भिंतीला टेप चिकटवा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, आजूबाजूला जुने कागद पसरा. दर खेपेनंतर वाळू काठीने ढवळून मोकळी करा आणि पट्टीने सपाट करा. घमेलं ठोकून सपाट करू नका. ठोकलेली वाळू घट्ट बसते आणि खड्डा लहान होतो. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. तोवरचे माझे आकडे कुणी मागू नयेत.

खड्ड्यात काय बघायचं

पहिली गोष्ट कडा. खड्ड्याभोवतीची वाळू मूळच्या पातळीपेक्षा उंच उचललेली असते. कुदळीने खणलेल्या खड्ड्याला अशी कडा आपोआप येत नाही. आघाताने आतला माल नुसता खाली दाबला जात नाही, तो खालून बाजूला आणि मग वर-बाहेर वाहतो. जाता जाता काठ उचलतो आणि बाहेर पडताना त्यावर थापला जातो.

दुसरी गोष्ट थरांचा क्रम. सर्वांत वरचा गडद रंग सर्वांत लांब उडालेला दिसेल, खालची वाळू काठाजवळ पडलेली दिसेल. सुरुवातीला वरचा माल वेगाने सुटतो, नंतर खोलवरचा माल मंद होत होत निघतो आणि जवळच पडतो. त्यामुळे काठावर थर उलटे लागतात: खालचं वर, वरचं खाली. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या 'मीटिओर क्रेटर'च्या काठावर खडकांचे थर नेमके असेच गादीची घडी उलटावी तसे उलटलेले आहेत. भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर यांनी अणुचाचण्यांनी पडलेल्या खड्ड्यांशी त्याची तुलना केली, तेव्हा दोन्हीकडे तीच रचना निघाली. ही तुलना लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तिसरी गोष्ट किरण. पौर्णिमेच्या चंद्रावर टायको विवरातून फुटलेले पांढरे पट्टे दुर्बिणीशिवायही जाणवतात. घमेल्यात ते कधी येतात, कधी येत नाहीत. याचा उलगडा २०१८ मध्ये झाला, आणि शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारखीला त्याचं फार अप्रूप वाटतं. जपानमधल्या ओकिनावा इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीतल्या तपन साबुवाला यांनी शाळकरी मुलांच्या अशाच प्रयोगांचे व्हिडिओ पाहिले. प्रयोगशाळेत वाळू नेहमी नीट सपाट केलेली असायची आणि किरण यायचे नाहीत. मुलांच्या वेंधळेपणाने वाळू उंचसखल राहायची आणि किरण यायचे! मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम उंचवटे करून पाहिलं, तर किरणांची संख्या गोळीचा व्यास आणि उंचवट्यांमधलं अंतर यांच्या प्रमाणावर ठरते असं निघालं. तुम्हीही करून बघा. एकदा पट्टीने सपाट केलेल्या वाळूत आणि एकदा बोटांनी चौकटी-चौकटीत खळगे पाडून, तीच गोळी त्याच उंचीवरून सोडा.

सोळाचा नियम

आता वही घ्या. गोळी १० सेंटिमीटरवरून सोडा आणि खड्ड्याचा व्यास काठाच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत मोजा, दोन दिशांनी मोजून सरासरी काढा. मग २०, ४०, ८० आणि स्टुलावर चढून १६० सेंटिमीटर. प्रत्येक उंचीला निदान पाच खेपा.

मुलांना आधी अंदाज लिहायला लावते. बहुतेक जण लिहितात, उंची दुप्पट तर खड्डा दुप्पट. प्रत्यक्षात उंची दुप्पट केल्यावर व्यास एक पंचमांशही वाढत नाही. व्यास दुप्पट व्हायला उंची सोळापट लागते. माझ्या वहीत १२ मिलिमीटरच्या गोळीला १० सेंटिमीटरवरून साडेतीन-पावणेचार सेंटिमीटरचा आणि १६० वरून सात-सव्वासातचा खड्डा आहे.

का, ते समजून घ्या. व्यास दुप्पट झाला की बाहेर काढायच्या वाळूचं आकारमान आठपट होतं. शिवाय ती वाळू दुप्पट खोलीतून उचलायची असते. आठ गुणिले दोन, सोळा. खड्डा पाडणं म्हणजे मुख्यतः माल गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलून बाहेर टाकण्याचं काम आहे, हे या एका आकड्यात आलं. ग्रहांवरच्या मोठ्या विवरांनाही साधारण असाच हिशेब लागतो, आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

उचलण्याचं काम जवळजवळ नाहीसंच झालं तर काय होतं, तेही कुणीतरी करून पाहिलं आहे. जपानच्या हायाबुसा-२ यानाने ५ एप्रिल २०१९ रोजी र्‍यूगू या लघुग्रहावर दोन किलो तांब्याचा गोळा सेकंदाला २ किलोमीटर वेगाने मारला. र्‍यूगूचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ऐंशी हजाराव्या भागाइतकं आणि वरचा माल अगदी सुटा. दोन किलोच्या त्या गोळ्याने १४ मीटरहून रुंद विवर पाडलं. माझ्या माहितीतला हा सर्वांत महागडा घमेल्याचा प्रयोग.

घमेलं खोटं कुठे बोलतं

एक मीटरवरून सोडलेली गोळी वाळूवर पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या आत असतो. पृथ्वीवर आदळणारे लघुग्रह सरासरी सेकंदाला २० किलोमीटरच्या आसपास वेगाने येतात. वेगात साडेचार हजारपट फरक. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून प्रत्येक किलोमागे ऊर्जेत दोन कोटीपट फरक.

हा आकडा नुसता मोठा आहे म्हणून सांगत नाही. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एक किलो दगडात साधारण एक किलो टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा असते. २० किलोमीटरला ती जवळपास पन्नास किलो टीएनटीइतकी होते. म्हणजे तो दगड स्फोटकाचा असता तरी फारसं बिघडलं नसतं, त्याची नुसती गतीच स्फोटकापेक्षा पन्नासपट जड आहे. गोळी वाळूला ढकलते. हा दगड फुटतो, आणि त्याच्यासोबत खालची जमीनही. अणुचाचण्यांच्या खड्ड्यांशी केलेली ती तुलना इथे आठवा.

क्रम असा. एक किलोमीटरचा लघुग्रह स्वतःच्या लांबीएवढं अंतर एका सेकंदाच्या विसाव्या भागात कापतो. टेकल्याबरोबर संपर्काच्या जागेपासून दोन आघात-तरंग निघतात, एक खाली जमिनीत आणि एक वर दगडातच. दाब लक्षावधी वातावरणांइतका चढतो. दगडातला तरंग त्याच्या मागच्या टोकाला पोचून परततो, दाब एकदम सुटतो, आणि दाब सुटताना इतकी उष्णता मागे राहते की दगडाचा बराच भाग वितळतो किंवा त्याची वाफ होते. इथे दगडाची गोष्ट संपली. विवर तर अजून सुरूही झालेलं नाही.

मग दुसरा टप्पा. जमिनीत पसरत गेलेला तरंग खडकाला हलवून पुढे निघून जातो, आणि मिळालेल्या त्या धक्क्याने खडक खाली-बाजूला-वर असा वाहू लागतो. घमेल्यात पाहिलेला तोच प्रवाह. खळगा अर्धगोलासारखा वाढत जातो आणि काठावरून माल वर रुंद होत जाणाऱ्या नरसाळ्याच्या आकारात बाहेर उडतो. गंमत म्हणजे हा पडदा घमेल्यातही दिसतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये कडेने चित्रीकरण करा. शेवटी विवर दगडाच्या साधारण दहा ते वीसपट रुंद होतं. सुट्या मातीत आणि कमी गुरुत्वाकर्षणात याहूनही जास्त. १७ मार्च २०१३ रोजी चंद्राच्या अंधाऱ्या भागावर आघाताचा एक लखलखाट टिपला गेला. दगड फूटभराचा असावा असा अंदाज होता. नंतर नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाला त्या जागी १८ मीटर रुंद ताजं विवर सापडलं.

तेव्हा, पहिल्या बाकावरच्या मुली, दगड कुठे गेला? वाफ होऊन उडाला, वितळून कातळात मिसळला, उरलेल्याचे कण चहूकडे पांगले.

हे न कळल्याने भल्याभल्यांची फजिती झाली. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे अमेरिकेचे नाणावलेले भूवैज्ञानिक. १८९१ मध्ये ते ॲरिझोनाच्या त्या खड्ड्यावर गेले. त्यांनी विचार केला, लोखंडी अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, खाली गाडला गेला असेल तर चुंबकसूची ढळेल, आणि खड्ड्यात त्याने जागा अडवल्यामुळे काठावरचा माल खड्ड्याच्या पोकळीपेक्षा जास्त भरेल. दोन्ही मोजलं. सूची ढळली नाही, आणि माल पोकळीएवढाच भरला. निष्कर्ष काढला, हा वाफेच्या स्फोटाने झालेला खड्डा. मोजमाप चोख, निष्कर्ष चूक, कारण गाडलेला दगड तिथे असायलाच हवा हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पुढे खाणमालक डॅनियल बॅरिंजर यांनी बरोबर निष्कर्षापासून सुरुवात केली. हा अशनीचाच खड्डा, असं त्यांनी ओळखलं. पण तेच गृहीतक धरून १९०३ पासून त्या लोखंडासाठी पाव शतक भोकं पाडली. १९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मोल्टन यांनी गणित करून दाखवलं की अशनी त्यांच्या कल्पनेपेक्षा फारच लहान होता आणि आघातात बहुतेक नष्ट झाला. त्याच वर्षी बॅरिंजर वारले. आज तो लोखंडी अशनी सुमारे ५० मीटरचा मानतात. खड्डा १.२ किलोमीटरचा.

पुरावा शेवटी लोखंडातून नाही, वाळूच्या कणांतून मिळाला. १९६० मध्ये तिथल्या वालुकाश्मात कोएसाइट सापडलं. क्वार्ट्झचंच हे रूप, पण प्रचंड दाबाखालीच तयार होणारं. तेव्हापासून एखादा संशयित गोल खड्डा तपासायचा तर दगड शोधत बसत नाहीत, खडकाने खाल्लेला मार शोधतात.

तिरका मारून बघा

घमेलं पुन्हा सपाट करा. आता पन्हळीसारखी वाकवलेली पुठ्ठ्याची घसरगुंडी करून गोळी तिरकी, अगदी कमी कोनात वाळूत सोडा. खड्डा लांबट होईल. चंद्रावर दगड वेगवेगळ्या कोनांतून येणार, सर्वांत जास्त शक्यता ४५ अंशांच्या आसपासची. मग चंद्रावरची विवरं लांबट का नाहीत? जवळजवळ सगळी गोल कशी?

याच आडाख्यावर कित्येकांनी चंद्राची विवरं ज्वालामुखीची ठरवली होती. गिल्बर्टनाही या प्रश्नाने छळलं. उत्तर वरच्या हिशेबातच आहे. स्फोटाला दिशा नसते. दगड तिरका आला तरी त्याची ऊर्जा एका लहानशा जागी सुटते आणि तिथून तरंग सगळीकडे सारखा पसरतो. एस्टोनियाचे अर्न्स्ट ओपिक यांनी १९१६ मध्ये आणि न्यूझीलंडचे गिफर्ड यांनी १९२४ मध्ये हे मांडलं, पण लोकांच्या गळी उतरायला आणखी बराच काळ गेला. दगड क्षितिजापासून दहा-पंधरा अंशांहूनही खालून, जवळपास घासत आला तरच विवर लांबट होतं. अशी विवरं साधारण शंभरात पाच.

शिखर म्हणजे दगड नव्हे

त्याच मुलीला पुढे शाळेच्या दुर्बिणीतून कोपर्निकस विवर दाखवलं. मधोमध छोटी टेकडी दिसली तशी ती ओरडली, "बाई, दगड सापडला!"

या वेळी माझी तयारी होती. पण उत्तर द्यायला घमेलं उपयोगाचं नाही, कारण वाळू उसळत नाही. पाण्याने भरलेलं पसरट भांडं घ्या, वरून एक थेंब टाका आणि पुन्हा स्लो मोशन. आधी खळगा पडतो, मग खळग्याचा तळ वर उसळून मधोमध एक खांब उभा राहतो. मोठ्या विवरात खडक काही क्षण असाच वागतो. आघाताने पिचलेला, हादरत असलेला कातळ जड द्रवासारखा वाहतो. तळ वर उसळतो, कडा कोसळून पायऱ्या-पायऱ्यांनी आत सरकतात, आणि मग सगळं जिथल्या तिथे गोठतं. पाणी पुन्हा सपाट होतं, खडकाला तेवढी सवड मिळत नाही.

म्हणजे मधलं शिखर वरून आलेलं नाही, खालून आलेलं आहे. कोपर्निकसच्या शिखरांत १९८२ मध्ये ऑलिव्हिन हे खनिज ओळखलं गेलं, ते आसपासच्या पृष्ठभागावर तसं आढळत नाही, खोलवरचं आहे. विवर आणखी मोठं असलं तर एका शिखराऐवजी शिखरांचं कडं बनतं. मेक्सिकोतलं चिकशुलुब विवर सुमारे १८० किलोमीटरचं, डायनोसॉरांच्या शेवटाशी जोडलेलं, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं. २०१६ मध्ये समुद्रतळाखाली भोक पाडून त्याच्या कड्यातला खडक काढला तर निघाला ग्रॅनाइट, मूळचा आठ-दहा किलोमीटर खोलीवरचा. तो वर आला तो काही मिनिटांत.

कोणत्या व्यासापासून हे घडतं, ते गुरुत्वाकर्षणावर अवलंबून. पृथ्वीवर २ ते ४ किलोमीटरपासून, चंद्रावर १५ ते २० पासून. म्हणून ॲरिझोनाचं विवर किंवा १.८ किलोमीटरचं लोणार साध्या वाडग्यासारखी आहेत, मध्ये शिखर नाही. आणि म्हणूनच मोठी विवरं उथळ असतात. लहान ताज्या वाडग्याची खोली व्यासाच्या पाचव्या भागाएवढी, तर ९३ किलोमीटरच्या कोपर्निकसची ३.८ किलोमीटर, म्हणजे चोविसाव्या भागाएवढी. चित्रात काढतात तसा तो खोल हौद नाही, कडा उचललेलं ताट आहे.

इतर ठिकाणची थोडक्यात. मंगळावर जमिनीत बर्फ आहे, तिथे काही विवरांभोवती माल उडून पडण्याऐवजी चिखलासारखा पसरून थांबलेला दिसतो. शुक्राचं दाट वातावरण लहान दगडांना खाली पोचूच देत नाही, तिथे दोन-तीन किलोमीटरहून लहान विवरं जवळजवळ नाहीत. आणि शनीच्या मिमास चंद्रावर त्याच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं एक विवर आहे. आघात थोडा जास्त असता तर मिमास उरला नसता.

दुर्बिणीशी

पौर्णिमेला विवरं बघायला जाऊ नका. ऊन डोक्यावर असतं, सावल्या नसतात, सगळं चपटं दिसतं. पौर्णिमा फक्त किरणांसाठी. टायकोचे पट्टे दीड हजार किलोमीटरच्याही पुढे गेलेले दिसतील. प्रोक्लस या लहान चकाकत्या विवराभोवती मात्र एका बाजूला पट्टेच नाहीत. दगड तिकडूनच तिरका आला होता. विवर गोल राहिलं तरी उडालेल्या मालाने दिशा सांगितली.

बाकी सगळं उजेड-अंधाराच्या सीमेवर बघायचं. शुक्ल चतुर्थीला मेसिए आणि त्याचा जोडीदार शोधा. घासत आलेल्या दगडाने पाडलेली ही लांबट जोडी, एकाच बाजूला दोन पट्टे शेपटीसारखे. यांना दुर्बीण जरा बरी लागते. षष्ठीला थिओफिलस बघा. त्याची कडा शेजारच्या सिरिलसवर चढलेली आहे. ज्याची कडा अखंड, ते नंतरचं, असा वयाचा क्रम लावायला शिका. अष्टमीला मधोमध टॉलेमियस, झिजलेलं, सपाट तळाचं. नवमीला टायको आणि वर उत्तरेला प्लेटो, लाव्ह्याने भरून गुळगुळीत झालेलं. दशमीला कोपर्निकस. त्याच्या आसपास बारीक खळग्यांच्या माळा दिसल्या तर त्या आकाशातून आलेल्या दगडांच्या नाहीत. कोपर्निकसमधूनच उडालेल्या ढेकळांनी पडलेली ती दुय्यम विवरं.

फोटोत विवरं खड्ड्यांऐवजी फुगवट्यांसारखी दिसायला लागली तर घाबरू नका. मेंदू उजेड वरून येतोय असं धरून चालतो. फोटो फिरवून उजेड वरच्या बाजूला आणा, सगळे फुगवटे खड्डे होतील.

आता खोली मोजा. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावून कोपर्निकसचा फोटो घ्या. पूर्वेच्या कड्याची सावली तळावर पश्चिमेकडे पसरलेली असेल. सावलीची लांबी विवराच्या पूर्व-पश्चिम व्यासाच्या किती भाग आहे ते पट्टीने मोजा. व्यास ९३ किलोमीटर माहीतच आहे. त्या क्षणी तिथे सूर्य किती अंश वर होता ते चंद्राच्या नकाशाचं सॉफ्टवेअर सांगतं. तिथे सूर्य तासाला साधारण अर्धा अंश चढतो, म्हणून वेळ टिपून ठेवा. सूर्य ६ अंश वर आणि सावली व्यासाच्या ०.४, म्हणजे ३७ किलोमीटर. ६ अंशांचा टॅन्जंट ०.१०५. गुणाकार ३.९ किलोमीटर.

सावलीचं टोक सपाट तळावर पडलं आहे ना, एवढं मात्र बघा. मी पहिल्यांदा सूर्य १२ अंशांवर असताना मोजलं. टोक कोसळलेल्या पायरीवरच अडकलं होतं, माझ्या लक्षात आलं नाही, आणि उत्तर आलं २.६. दुसऱ्या खेपेला ४.१ आलं. तिसऱ्या दशमीला ढग होते.